रडण्याऐवजी ‘दे’: ऑटिझम असलेल्या लहान मुलाला मागायला, नाकारायला आणि दाखवायला शिकवताना

लहान मुलाच्या ऑटिझमबद्दल विचारायला आलेले आईवडील सहसा दोन तक्रारी एका दमात सांगतात: ‘बोलत नाही’ आणि ‘फार त्रास देतो’. दवाखान्यात या दोन तक्रारींच्या दोन चिठ्ठ्या होतात, बोलण्यासाठी स्पीच थेरपी आणि वागण्यासाठी वेगळी थेरपी. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत मात्र ती बऱ्याचदा एकच तक्रार असते. ज्याला पाणी मागता येत नाही तो माठापाशी लोळण घेतो. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही तो चावतो, आणि चावल्याबरोबर समोरचा माणूस मागे सरकतो. मुलाच्या दृष्टीने काम झालं.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली हे प्रयोगाने दाखवलं. त्रासदायक वागण्यातून मुलाला काय मिळतं ते आधी शोधायचं, मग तेच मिळवण्याचा सोपा, लोकांना कळणारा मार्ग शिकवायचा. तेवढं केलं की ते त्रासदायक वागणं कमी होतं. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच धाग्यावर आहेत. निदानाचा कागद हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही. नुसतंच उशिरा बोलणारं मूल असलं तरी यातल्या कशाने त्याला अपाय होणार नाही.

आधी अंग तपासा

आठ-पंधरा दिवसांत अचानक सुरू झालेलं डोकं आपटणं किंवा रात्रीचं किंचाळणं हा स्वभाव समजू नका. कान फुटणं, दाढ किडणं, बद्धकोष्ठ, जंत, घसा, लघवीची जळजळ यांतलं काहीही असू शकतं, आणि या मुलाला ‘इथे दुखतं’ असं बोट ठेवून सांगता येत नाही. बद्धकोष्ठ तर हमखास नजरेतून सुटतं. मूल तीन-चारच पदार्थ खातं, त्यात भाजी नसते, पाणी कमी असतं आणि वर जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना. घरात विचारा, शेवटचं पोट कधी साफ झालं? बऱ्याच घरांत उत्तर येत नाही, म्हणून ते लिहून ठेवायची सवय लावा.

हाकेला ओ देत नसेल तर कानांची तपासणी एकदा झालीच पाहिजे. टीव्हीची जाहिरात लागली की धावत येतो म्हणजे कान चांगले, हा घरगुती निष्कर्ष पुरेसा नाही. मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहत असेल, अंगाला झटके येत असतील किंवा पूर्वी बोलत असलेले शब्द बोलेनासं झालं असेल, तर लेख बाजूला ठेवा आणि थेट बालरोगतज्ज्ञाकडे जा.

आठवडाभर वही

शाळेची शंभर पानी वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. ‘चिडला’, ‘मूड नव्हता’, ‘मुद्दाम केलं’ असले शब्द वहीत नकोत. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं.

समजा चोपडा तालुक्यातलं एकत्र कुटुंब आहे आणि मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्या घरातली वही साधारण अशी दिसेल.

सोमवार, दुपार. आधी: काकाने हातातला मोबाइल घेतला. केलं: फरशीवर डोकं आपटलं. नंतर: आजीने मोबाइल परत दिला.

सोमवार, संध्याकाळ. आधी: बिबड्या करायला शेजारच्या चार बायका आल्या, कुकरच्या शिट्ट्या चालू. केलं: कान दाबून किंचाळला, आईच्या दंडाला चावला. नंतर: आईने मागच्या खोलीत नेलं.

मंगळवार, रात्र. आधी: भाताला वरण लागलं. केलं: ताट भिरकावलं. नंतर: ताट उचललं, कोरी पोळी दिली.

बुधवार, सकाळ. आधी: आई फोनवर बोलत होती. केलं: धाकट्या बहिणीचे केस ओढले. नंतर: आई फोन टाकून धावली, रागावली.

चार नोंदींत चार वेगळी कारणं आहेत. मोबाइलच्या वेळी वस्तू हवी होती. बायका जमल्या तेव्हा गोंगाटातून सुटका हवी होती. ताटाच्या वेळी नको ती गोष्ट समोरून जायला हवी होती. केस ओढले तेव्हा आई हवी होती, आणि ती रागावलेली का असेना, मिळाली. या चौथ्या नोंदीवर घरात वाद होतो, कारण ‘मी तर त्याला ओरडले’ असं आई म्हणते. ज्या मुलाकडे लक्ष वेधायचा दुसरा मार्ग नाही त्याला ओरडा खाणंही चालतं.

कधी कधी मधल्या रकान्यातल्या वागण्याचा माणसांशी संबंधच नसतो. एकट्यात गोल फिरणं, हात फडफडवणं, कूलरच्या फिरत्या पंख्याकडे बघत बसणं ही त्या मुलाची स्वतःला सावरायची किंवा आनंद व्यक्त करायची रीत असते. त्याने कुणाला इजा होत नसेल तर सोडून द्या. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही एवढ्यासाठी हात धरून ठेवणाऱ्या घरांत आकांत वाढलेला दिसतो.

मुलाकडे आत्ता काय आहे, ते पाहा

त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा: मागतो कसा, नाकारतो कसा, लक्ष वेधतो कसा, आणि गंमत म्हणून काही दाखवतो का? बहुतेक मुलं आईचा हात धरून फडताळापर्यंत नेतात, जणू तो हात म्हणजे एक अवजार. नजर हातावर असते, आईच्या चेहऱ्यावर नसते. तरीही ते मागणंच आहे आणि आपल्याला तिथूनच पुढे जायचं आहे.

मागण्यासाठी बोट दाखवणं आणि ‘बघ, ट्रॅक्टर!’ म्हणून बोट दाखवणं यांत फार अंतर आहे. पहिल्यात वस्तू हवी असते, दुसऱ्यात तुमची सोबत हवी असते. ऑटिझममध्ये दुसरं उशिरा येतं आणि शिकवायलाही अवघड जातं. सुरुवात मागण्यापासून करायची ती यासाठीच, कारण तिथे मुलाला स्वतःची गरज असते.

तीन खुणा शिकवा: ‘दे’, ‘नको’, ‘थांबू दे’

सगळ्या लेखात वेळ कशावर घालवायचा असेल तर यावर घालवा.

खूण कोणती, हे मूल ठरवतं. शब्द फुटत असतील तर शब्द. हातांवर ताबा असेल तर हात पसरून ‘दे’, तळहात पुढे करून ‘नको’. दोन्ही जमत नसेल तर चित्र. पारले-जीच्या पुड्याचा, पाण्याच्या पेल्याचा, झोक्याचा मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणि लॅमिनेशन करून घ्या. चित्राची सवय लागली तर बोलणारच नाही, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, पण अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. अनेक मुलांत चित्रांबरोबर शब्दही वाढतात.

शिकवायला सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर बसतं, त्याच्याजवळ मुलाची आवडती वस्तू असते. दुसरं मुलाच्या मागे बसतं आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. मुलाने बिस्किटाकडे झेप घेतली की मागचं माणूस त्याचा हात अलगद धरून चित्र उचलायला आणि समोरच्याच्या हातात ठेवायला लावतं. समोरचा त्याच क्षणी ‘बिस्कीट’ म्हणतो आणि बिस्किटाचा छोटा तुकडा देतो. अख्खं बिस्कीट दिलं तर एकदाच मागून होईल. तुकड्यांनी एका बैठकीत दहा-बारा वेळा मागता येतं.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, ‘काय पाहिजे? सांग ना! बोल, बि-स्की-ट!’ असा प्रश्नांचा मारा. मूल प्रश्नाची वाट बघायला शिकतं, स्वतःहून मागायला शिकत नाही. दुसरी, खूण केल्यावर ‘आधी नीट बस, मग देतो’ अशी नवी अट. सुरुवातीचे काही आठवडे खूण केली की वस्तू मिळालीच पाहिजे, तीही किंचाळून मिळायची त्यापेक्षा लवकर. खुणेला वेळ लागत असेल आणि किंचाळण्याने पटकन मिळत असेल तर कुठलंही शहाणं मूल किंचाळेल. तिसरी, मागच्या माणसाची मदत कायमची चिकटून राहणं. मनगट धरायचं, मग कोपराला स्पर्श, मग नुसता इशारा, असं करत ती काढून घ्यायची.

‘नको’ शिकवताना घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कारण हा सगळ्यालाच नको म्हणेल असं वाटतं. सुरुवात अशाच गोष्टींनी करा ज्या खरोखर नाकारता येतात. त्याला न आवडणारी भाजी ताटाजवळ आणा, मागच्या माणसाने त्याचा तळहात पुढे करायला लावायचा, समोरच्याने ‘नको, बरं’ म्हणून भाजी लगेच मागे न्यायची. औषध, लस, रस्ता ओलांडताना हात धरणं यांत ‘नको’ चालणार नाही, तिथे पर्याय द्या: चमच्याने की पेल्याने, या हाताला धरू की त्या.

‘थांबू दे’ म्हणजे सुट्टीची खूण. तिचं चित्र दारापाशी, त्याच्या हाताला येईल असं लावा. त्याने त्याला हात लावला की बायकांचा घोळका सोडून मागच्या खोलीत जायचं. चोपड्याच्या त्या वहीतलं चावणं याच खुणेने जाईल.

घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीच

धुळ्या-जळगावकडे अनेक आयांना सांगितलं जातं की मुलाशी फक्त शुद्ध मराठीत किंवा फक्त इंग्रजीत बोला, दोन भाषांनी गोंधळेल. नंदुरबारकडे भिली-पावरी बोलणाऱ्या घरांना तर हा सल्ला आणखीच जाचतो. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आई ज्या भाषेत न अडखळता लाड करते, खेळवते, त्याच भाषेत मूल जास्त ऐकतं. आजी ‘आखो’ म्हणत असेल तर मुलाची पहिली खूण ‘आखो’ असू दे, लेवा गणबोलीच्या घरात तिथला शब्द असू दे. पथ्य एकच: एका खुणेला सगळ्या घराचा एकच शब्द. आजी ‘आखो’, बाबा ‘आणखी’ आणि ताई ‘मोअर’ म्हणत राहिली तर शिकायच्या काळात मुलाला एकाऐवजी तीन धडे गिरवावे लागतात.

रोज वीस मिनिटं, जमिनीवर

मागणं सुरू झालं की सोबतीकडे वळायचं. समोरासमोर बसा, तुमचा चेहरा त्याच्या नजरेच्या उंचीवर हवा. टीव्ही बंद. तो जे करतो तेच तुम्ही करा. तो शेंगा एका डब्यातून दुसऱ्यात टाकत असेल तर तुम्हीही टाका. ‘हा कुठला रंग? मोज बरं!’ ही परीक्षा नको. त्याच्या कृतीला एकच शब्द जोडा, ‘टाक’, आणि थांबा. मनात दहा अंक मोजा. आपल्याला या थांबण्याचा फार कंटाळा असतो, पण मुलाची नजर तुमच्याकडे वळते ती बहुधा याच रिकाम्या जागेत.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झाडाला बांधलेला झोका हे यासाठी उत्तम साधन आहे. दोन-तीन झोके द्या आणि झोका धरून थांबा. त्याने बघितलं, अंग हलवलं, आवाज काढला, काहीही केलं की ‘जाऊ दे!’ म्हणत सोडा. झोका नसेल तर चादरीत घालून दोघांनी हलवा. मूल एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन बोला: तो ‘पानी’, तुम्ही ‘थंड पानी’. वाक्यांची सरबत्ती नको.

आईवडिलांनी असं वागायला शिकलं तर फरक पडतो का, हे गोवा आणि रावळपिंडीत तपासून पाहिलं गेलं आहे. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून शिकवलं. २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या निकालांत पालक मुलाच्या कलाने जास्त घेऊ लागले होते आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली होती. यातली व्हिडिओची युक्ती फुकट आहे. मोबाइल खुर्चीला टेकवून पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि रात्री बघा. आपण किती बोलतो आणि किती कमी थांबतो, ते तिथे दिसतं.

दिवसाची मांडणी

पुढे काय होणार हे कळत नाही तेव्हा ही मुलं बिथरतात. एका पुठ्ठ्यावर दोन चौकोन करा, ‘आधी’ आणि ‘मग’. आधी आंघोळ, मग झोका, अशी चित्रं लावा आणि ठरलेलं पाळा. मोबाइल काढून घ्यायच्या आधी बोटं दाखवून पाच, चार, तीन मोजा आणि दुसऱ्या हातात पुढची गोष्ट तयार ठेवा. रिकाम्या हातांनी मोबाइल घेऊ नका. वीज गेली, कूलर बंद पडला तर ‘वीज गेली’चं चित्र आणि हातपंखा तयार असू दे.

आकांत सुरू झाल्यावर

त्या वेळी काहीही शिकवायचं नाही. डोक्याखाली उशी सरकवा, जवळच्या जड आणि काचेच्या वस्तू उचला, बघ्यांना बाहेर काढा, दिवा आणि आवाज कमी करा. एकाच माणसाने जवळ बसावं आणि एक-दोनच शब्द बोलावेत. मारू नका. मार खाल्ल्यावर मूल गप्प होतं ते भीतीने, आणि आपल्याहून लहान असलेल्याला मारायला शिकतं. शांत झाल्यावर पाणी द्या. भाषण नको.

एक इशारा. आजवर किंचाळून मिळणारी वस्तू मिळेनाशी झाली की पहिले काही दिवस किंचाळणं वाढतं. याच टप्प्यावर घरातलं कुणीतरी ‘घे बाबा एकदाचा’ म्हणून मोबाइल देतं आणि मूल शिकतं की आणखी जोरात ओरडायचं असतं. म्हणून नवी खूण थोडी रुळल्याशिवाय जुन्याला नकार देऊ नका. मूल स्वतःला जखम करत असेल तर ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला घरच्या घरी वापरू नका, त्यासाठी तज्ज्ञ सोबत हवा.

घरातली आणि गावातली माणसं

एकत्र कुटुंबात आईने आठवडाभर केलेलं काम दुपारच्या एका तासात पुसलं जातं. आजीला समजावण्यापेक्षा काम द्या. ‘दे’ची खूण शिकवायला मागे बसणारं माणूस म्हणून आजी सगळ्यांत चांगली, तिच्याकडे वेळही असतो आणि धीरही. ‘त्याचा बापही उशिरा बोलला’ हे वाक्य तीच म्हणणार. म्हणू द्या, फक्त त्यापायी तपासणी पुढे ढकलू नका.

कानबाईचा रोट, लग्नाची हळद, सारंगखेड्याची यात्रा हे सगळं टाळायलाच हवं असं नाही. आधी त्या जागेचे फोटो दाखवा, गर्दी व्हायच्या आत पोहोचा, कानावर घालायचे हेडफोन आणि ओळखीचं खाणं सोबत घ्या, परत निघायची वाट आणि वाहन आधीच ठरवा. डीजे सुरू व्हायच्या आत निघालात तर नातेवाईक रुसतील, पण मुलाचा दिवस चांगला जाईल.

पाण्याबद्दल मात्र हयगय नको. ही मुलं नकळत घराबाहेर पडतात आणि अनेकांना पाण्याची ओढ असते. आपल्याकडे शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, पाटचाऱ्या आहेत, आणि प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. त्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. दाराला वरच्या बाजूला कडी लावा, मुलाच्या गळ्यात किंवा कपड्यावर फोन नंबर असू द्या, शेजारच्या चार घरांना आणि किराणा दुकानदाराला सांगून ठेवा. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यांत आधी पाण्याकडे पळा.

कुठे जायचं, काय न्यायचं

२०१३ साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडी सेविकेला तारीख विचारून ठेवा आणि ‘बोलत नाही, हाकेला बघत नाही’ हे पथकाला स्वतः सांगा. पाच मिनिटांच्या तपासणीत वजन-उंचीपलीकडचं दिसेलच असं नाही. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या सरकारी केंद्राची, चिठ्ठी मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, बालरोग आणि मनोविकार विभागांत विचारा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम ही स्वतंत्र नोंद आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात ४० मुद्दे असतात आणि ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. स्टेम सेल, डोक्याला लावायची यंत्रं, ‘सहा महिन्यांत शंभर टक्के बरा’ यांच्यासाठी शेत विकू नका. स्टेम सेल हा ऑटिझमवर सिद्ध झालेला उपचार नाही.

भेटीला जाताना वही न्या, आकांताचा आणि खेळाचा असे दोन छोटे व्हिडिओ न्या, लसीकरणाचं कार्ड न्या, झोप आणि पोटाच्या नोंदी न्या. तपासणीच्या खोलीत मूल एकतर अगदी शांत बसतं किंवा पाय ठेवताच रडतं, घरचं मूल तिथे दिसतच नाही. मुलासोबत दोन माणसं जा, म्हणजे एकाला डॉक्टरांशी बोलता येईल. आणि आईची स्वतःची झोप, भूक उडाली असेल, रडू थांबत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.